ग्लेशियरच्या गावात दिवसभर पाऊस, आता उरलेल्या बसपासचं काय करू?

प्रश्न : ताई, मी मूळची सांगलीची, सध्या क्राइस्टचर्चला मास्टर्स करतेय. परीक्षा संपल्यावर न्यूझीलंड फिरायला बॅकपॅकर बसचा हॉप ऑन हॉप ऑफ पास घेतला. म्हणजे ठरलेल्या रूटवर बस फिरत असते, ड्रायव्हरच गाईड असतो, हॉस्टेलचं बुकिंगही तोच करून देतो आणि मधे कुठेही उतरून मागच्या बसने पुढे जाता येतं. मला सगळ्यात जास्त बघायचं होतं ते फ्रान्झ जोसेफ ग्लेशियर. हेलिकॉप्टरने वर जाऊन बर्फावर चालायची ट्रिप पार्टटाइम कामाचे पैसे साठवून आधीच बुक केली होती. आदल्या रात्री पाऊस लागला तो थांबलाच नाही. सकाळी नऊला त्यांचे बूट, जॅकेट सगळं चढवून बसलो, मग म्हणे अकराला बघू, मग एकला, आणि शेवटी कॅन्सल. पैसे परत मिळाले. दुपारी रेनकोट घालून दरीतल्या वाटेने चालत गेलो तर व्ह्यूपॉइंटवरनं समोर फक्त ढग. आणि बसच्या ब्रोशरवर मात्र लोक दरीतून चालत जाऊन निळ्या बर्फाला हात लावतायत असा फोटो होता! संध्याकाळी बाकीचे सगळे पबमध्ये गेले, मी हॉस्टेलच्या किचनमध्ये ओले मोजे हीटरवर टाकून बसले होते तेवढ्यात आईचा व्हिडिओ कॉल, ग्लेशियर दाखव म्हणून. सकाळी आठला बस निघाली ती निघालीच. वर दुसऱ्या दिवशी वानाकाला कडक ऊन, त्याचा तर जास्तच राग आला. सगळे म्हणतात एवढं काय त्यात, बाकीची ट्रिप छान झाली ना. झाली, पण तो दिवस डोक्यातून जात नाहीये. बसवाल्यांकडून काही पैसे मागता येतात का? हे नशीब म्हणायचं का प्लॅनिंग? आणि पासमधलं नॉर्थ आयलंड अजून बाकी आहे, ते करू का सोडून देऊ?
— एक वाचक, क्राइस्टचर्च

उत्तर : वाईट वाटणारच गं. ज्या एका गोष्टीसाठी तू पैसे साठवलेस तीच हुकली, मग बाकीची ट्रिप छान झाली म्हणून ते भरून कसं येईल? ‘एवढं काय त्यात’ म्हणणाऱ्यांचं मनावर घेऊ नकोस.

आधी पैशाचं बघू. हवामानामुळे हेलिकॉप्टर कंपनीने स्वतःहून उड्डाण रद्द केलं तर पैसे परत किंवा दुसरी तारीख अशी तिकडे पद्धतच आहे, ते तुला मिळाले, तो हिशोब संपला. बसचा पास वेगळा, त्यांनी तुला ठरल्या गावी नेलं आणि आणलं, त्यामुळे पाऊस पडला म्हणून पासचे पैसे मागायला तुझी बाजू टिकणार नाही. पण तो फोटो, तिथे मात्र मी तुझ्या बाजूने आहे. फ्रान्झ जोसेफला दरीतून चालत जाऊन बर्फावर चढायचं 2012 सालीच बंद झालंय, ग्लेशियर एवढं मागे सरकलं की तोंडापाशी जाणं धोक्याचं झालं, तेव्हापासून बर्फावर पाय ठेवायचा तर हेलिकॉप्टर हाच रस्ता. दरीतल्या वाटेने जाऊन आता ते लांबूनच दिसतं, तेही आकाश मोकळं असेल तर. मग इतक्या वर्षांनंतरही तोच फोटो छापून पास विकणं हे मला अजिबात पटत नाही. तिकडे फेअर ट्रेडिंग ॲक्ट 1986 आहे, ग्राहकाची दिशाभूल होईल अशी जाहिरात त्यात बसत नाही. ब्रोशरचा फोटो काढून ठेव, बुकिंगची मेल ठेव, आणि कंपनीला शांतपणे लिही की या फोटोतली गोष्ट आता करता येत नाही, हे पास घेताना मला कुणी सांगितलं नाही. पैसे मिळतीलच असं मी म्हणणार नाही, पुढच्या प्रवासात काहीतरी सवलत देतील कदाचित. नाहीच ऐकलं तर कॉमर्स कमिशन या तिथल्या सरकारी संस्थेकडे तक्रार नोंदवता येते, आणि पैशाचा वाद असेल तर डिस्प्यूट्स ट्रायब्युनल आहे, तिथे वकील लागत नाही, आपली बाजू आपणच मांडायची. पत्र लिहायला मात्र लाजू नकोस, तुझ्यामागून येणाऱ्या पोरांसाठी तरी तो फोटो तिथून जायला हवा.

आता नशीब का प्लॅनिंग. मी प्लॅनिंग म्हणेन, पण तुझं नाही, बसच्या रूटचं.

हे बघ, तू सांगलीची आहेस, सह्याद्रीच्या अलीकडचा आणि पलीकडचा पाऊस तुला वेगळा सांगायला नको. तिथेही अगदी तेच आहे. टास्मान समुद्रावरून पश्चिमेचे वारे बाष्प घेऊन येतात, समोर सदर्न आल्प्स आडवे, आओराकी माउंट कुकच 3,724 मीटरचा, मग ते सगळं बाष्प वेस्ट कोस्टवर ओतलं जातं. फ्रान्झ जोसेफ गावात वर्षाला साधारण पाच मीटर पाऊस पडतो. आपल्या आंबोलीला याहून जास्त पडतो म्हणशील, पण आंबोलीचा जून ते सप्टेंबरात उरकतो, तिकडे पावसाळा असा वेगळा नाहीच, बारा महिने कधीही. आणि डोंगर ओलांडला की संपलं, वानाका, अलेक्झांड्रा हा सगळा भाग पर्जन्यछायेत, अलेक्झांड्राला वर्षभरात 350 मिलिमीटरच्या आसपास पडतो, म्हणजे आपल्या आटपाडी-जतपेक्षाही कमी. तू हास्टच्या घाटावरून वानाकाला उतरलीस तेव्हा ऊन होतं ते म्हणूनच. तुला चिडवायला नव्हतं गं ते, बहुतेक दिवशी तिथे तसंच असतं.

अजून एक, आणि हे मला खरंच विलक्षण वाटतं. ज्या ढगांनी तुझं हेलिकॉप्टर थांबवलं तेच ढग वर डोंगरात बर्फ टाकतात आणि त्याच बर्फावर ते ग्लेशियर जगतं. इतका हिमवर्षाव आणि इतका तीव्र उतार, म्हणूनच ते खाली जंगलापर्यंत, समुद्रसपाटीपासून काही शे मीटरवर येऊन पोचतं, नाहीतर त्या अक्षांशावर एवढ्या खाली बर्फाची नदी कशाला दिसतेय! हवामान बदललं की काही वर्षांतच हे ग्लेशियर पुढेमागे सरकतं, 1983 ते 2008 या काळात तर ते बरंच पुढे आलं होतं, आणि 2008 नंतर जे मागे पळत सुटलंय ते अजून थांबलेलं नाही. म्हणून तिथे लांबून कोरड्या आकाशाची आशा धरून येणाऱ्या माणसाची आणि ग्लेशियरची गरज एकमेकांच्या उलट आहे, दोन्ही एका दिवशी जमेल असं धरून चालता येत नाही.

अशा जागी एक रात्र ठेवायची म्हणजे जुगार आहे. बसवाले एकच रात्र का ठेवतात तेही सांगते. तिथून क्वीन्सटाउन साडेतीनशे किलोमीटर, सगळा डोंगरी रस्ता, मधे हास्ट, वानाका. ड्रायव्हरला कायद्याने साडेपाच तास काम झालं की अर्धा तास थांबावंच लागतं, दिवसात तेरा तासांच्या वर काम नाही आणि मग सलग दहा तास विश्रांती. शिवाय तो रस्ता म्हणजे स्टेट हायवे 6, दरड आली की बंद, आणि दुसरा रस्ता नाही. 2019 च्या मार्चमध्ये फ्रान्झ जोसेफला लागून असलेला वाइहो नदीवरचा पूलच वाहून गेला होता, त्या वेळी हॉकिटिकाच्या वरच्या अंगाला क्रॉप नदीच्या पर्जन्यमापकावर 48 तासांत 1,086 मिलिमीटर पाऊस मोजला गेला. आपल्याकडे 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 झाला होता, त्यावरून अंदाज कर. फॉक्स ग्लेशियरच्या दरीतला रस्ता त्याच वर्षी दरडीने असा गेला की पुन्हा बांधलाच नाही. त्यामुळे सकाळी आठला बस निघणार म्हणजे निघणारच, ड्रायव्हरवर राग नको धरूस. त्याच्या जागी तो बरोबर आहे.

पण तुझ्या हातात पास होता आणि त्या पासचे जास्तीचे पैसे तू नेमके कशाचे भरलेस? उतरून राहता येण्याचेच ना! बसमधे चांगला ग्रुप जमला की सगळे एकत्र पुढे जातात, कुणी मागे राहत नाही, ड्रायव्हरही विचारत नाही, आणि मग तो पास साध्या टूरसारखा वापरला जातो, हे मी बऱ्याच पत्रांत वाचते. ज्या गावात तुझं मन अडकलंय तिथे बस सोडायची, दोन नाहीतर तीन रात्री राहायचं, आणि उड्डाण पोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळचं पहिलं घ्यायचं, म्हणजे ते रद्द झालं तरी पुढचे दिवस हातात राहतात. ग्रुप तुटतो, मान्य आहे, मागच्या बसमधे पुन्हा नव्याने ओळखी करायच्या आणि पुन्हा तेच, कुठून आलीस, काय करतेस. तेवढी किंमत मोजायची.

आणि पाऊस असला म्हणजे खोलीत बसायचं असंही नाही. फ्रान्झ जोसेफ गावात किवीची अंडी उबवून पिल्लं वाढवायचं काम चालतं, रोवी नावाची किवीतली सगळ्यात दुर्मिळ जात जवळच्याच ओकारिटोच्या जंगलातली आहे. गावापासून चालत जाता येईल असे जुन्या सोन्याच्या खाणकामाचे टाटारे बोगदे आहेत, आत काळोखात ग्लोवर्म नावाचे किडे चमकतात, पायाखाली थंडगार पाणी असतं, फक्त जोराच्या पावसात वाट चालू आहे का ते डॉकच्या ऑफिसात, म्हणजे डिपार्टमेंट ऑफ कॉन्झर्व्हेशनच्या, विचारून जायचं. हे ग्लेशियरच्या बदल्यात म्हणून सांगत नाहीये, बदल्यात काही नसतं, पण दिवस अगदीच ओल्या मोज्यांत जात नाही.

क्राइस्टचर्चला राहतेस ना, मग तुला परत जाणं काही अवघड नाही. ट्रांझअल्पाइन रेल्वेने ग्रेमाउथ, साधारण पाच तास, तिथून बसने फ्रान्झ जोसेफ पावणेदोनशे किलोमीटर. मेटसर्व्हिसचा हवामानाचा अंदाज बघून, तीन मोकळे दिवस हाताशी ठेवून जा. आणि पश्चिमेला पाऊसच दिसत असेल तर बेत बदलून डोंगराच्या क्राइस्टचर्चकडच्या बाजूने माउंट कुक गावाला जा, तिकडे टास्मान ग्लेशियरच्या तळ्यात तरंगणारे हिमखंड दिसतात, वेगळंच दृश्य आहे ते, पण अस्सल आहे आणि पश्चिमेच्या पावसाच्या दिवशी तिकडे उघडीप मिळायची शक्यता बरी असते.

नॉर्थ आयलंड सोडू नकोस. फक्त पासवरची शेवटची तारीख आधी बघ आणि कागद घेऊन बस, ठिकाणांचे दोन भाग कर. एका बाजूला जिथे हवामान ठरवणार. टोंगारिरो अल्पाइन क्रॉसिंग सगळ्यात आधी, वीसेक किलोमीटरची वाट, दिवसभराचं चालणं, वर वारा सुटला तर सकाळची शटल निघतच नाही, तिथे दोन रात्री तरी राख, तीन असतील तर उत्तम. टाउपोची स्कायडायव्ह त्यातलीच. दुसऱ्या बाजूला जिथे पावसाने फारसं बिघडत नाही, वाइटोमोच्या ग्लोवर्मच्या गुहा, रोटोरुआचे गरम पाण्याचे झरे नि चिखलाची कुंडं, तिथे एक रात्र पुरे. बसवाल्यांचा रूट तुला दोन्हीकडे सारखाच वेळ देईल, तू तसं करायचं नाही. साउथ आयलंडमधलं मिल्फर्ड साउंड, म्हणजे उभ्या कड्यांमधली समुद्राची खाडी, राहिलं असेल तर त्याला पावसाची भीतीच नको, तिथे वर्षाला सहा मीटरहून जास्त पडतो आणि पडत असतानाच कड्यांवरून शेकड्याने धबधबे सुटतात, बोट पावसातही जाते. आणि कुठेही उतरायचं तर पुढच्या बसमधली जागा आणि बेड आधी पक्का कर, डिसेंबर ते फेब्रुवारीत बस भरलेल्या असतात आणि हिवाळ्यात काही रूटवर रोज बसच नसते, नाहीतर दोन रात्रींच्या जागी पाच होतील.

आईला तो दिवस तसाच सांग, पाऊस होता, दिसलं नाही, आणि मला फार वाईट वाटलं. फोटो नसला तरी तिला ते कळेल.

प्रश्न : आमची मुलगी बावीस वर्षांची आहे, अशाच बॅकपॅकर बसने न्यूझीलंडला एकटी जायचं म्हणतेय. बसमधली पोरं रोज रात्री पितात असं ऐकलं, डॉर्ममध्ये मुलंमुली एकत्र झोपतात असंही ऐकलं. ती शाकाहारी आहे. पाठवावं का?
— एक आई, नाशिक

उत्तर : तुमची काळजी रास्त आहे आणि ऐकलेलं बरंचसं खरंही आहे. या बसमध्ये अठरा ते पंचवीस-तीसची मंडळी जास्त, तिकडे दारू विकत घ्यायचं वय अठरा आहे, संध्याकाळी पब हा कार्यक्रमच असतो. पण जबरदस्ती कुणी करत नाही, बऱ्याच मुली जेवण करून पुस्तक घेऊन झोपतात, कुणी काही म्हणत नाही. मिक्स डॉर्म असतात तसे फक्त मुलींचे डॉर्मही बऱ्याच हॉस्टेलांत असतात, पण ते लवकर भरतात, ड्रायव्हर बसमध्ये बुकिंगची यादी फिरवतो तेव्हाच ‘फीमेल डॉर्म’ असं स्पष्ट सांगायचं. लॉकरला स्वतःचं कुलूप लागतं, एक छोटं कुलूप इथूनच द्या. इमर्जन्सी नंबर 111. कुणी जाणकार तुम्हाला वायएचएची, म्हणजे यूथ हॉस्टेल्स असोसिएशनची, हॉस्टेलं सुचवेल, पण न्यूझीलंडच्या वायएचएने स्वतः चालवलेली हॉस्टेलं 2021 च्या डिसेंबरमध्ये बंद केली, तेव्हा जुन्या यादीवर विसंबू नका.

शाकाहाराचं अजिबात टेन्शन घेऊ नका. प्रत्येक हॉस्टेलला मोठं किचन असतं, भांडी, गॅस, फ्रिज सगळं, आणि एका फळीवर जाणारे लोक उरलेलं तांदूळ, पास्ता, तेल ठेवून जातात ते कुणीही घ्यावं. मात्र वेस्ट कोस्टवरची गावं लहान, दुकान एखाददुसरं आणि महाग, म्हणून नेल्सन किंवा ग्रेमाउथलाच भाजी-डाळ भरून घ्यायला सांगा. इथून लाडू-चिवडा द्याल तर तिकडे उतरण्याआधी भरायच्या डिक्लरेशन फॉर्मवर खाण्याचं सगळं लिहायला सांगा, लिहिलेलं फार तर काढून घेतील, पण न लिहिता सापडलं तर 400 न्यूझीलंड डॉलरचा दंड जागच्या जागी बसतो. मध आणि ताजी फळं तर देऊच नका.

पाठवावं का म्हणाल तर हो, पाठवा. आणि वरचं पत्र तिला वाचायला द्या, पास घेण्याआधी.

प्रश्न : आम्ही दोघं साठीच्या आसपासचे. या बसमध्ये आम्हाला घेतील का? स्वस्त पडते म्हणून विचारतोय.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : बुकिंग करण्याआधी कंपनीला वयाची अट विचारून घ्या. घेतलं तरी दमणूक होईल हो, रोज सकाळी लवकर बॅगा भरा, रात्री डॉर्म, बंक बेडची शिडी. त्यापेक्षा इंटरसिटीच्या साध्या लाइन बस घ्या, हॉस्टेलमध्येच दोघांची प्रायव्हेट रूम घ्या, किचन तेच वापरता येतं, खर्च फार वाढत नाही. एक दिवस ट्रांझअल्पाइनने क्राइस्टचर्च ते ग्रेमाउथ करा, 223 किलोमीटर, मधे साडेआठ किलोमीटरचा ओटिरा बोगदा लागतो, 1923 सालचा. बोगद्याच्या एका तोंडाला ऊन आणि दुसऱ्या तोंडाला पाऊस असं तिथे नेहमी होतं, तेव्हा छत्री नको, चांगला रेनकोट घ्या, वाऱ्यात छत्री टिकत नाही.